एन.सी.सी. : खाकी वर्दीतील तीन वर्षे आणि पुढची वाट

(विहाराच्या वर्धापन दिनानिमित्त झालेल्या विद्यार्थी मेळाव्यातील भाषण. स्मरणिकेसाठी थोडे नीटनेटके करून दिले आहे.)



समितीचा निरोप आला की, तुम्ही मंडळींनी कॉलेजात एन.सी.सी. केली, कॅम्प केले, तुमच्यातले दोघे सैन्याच्या निवड मंडळापर्यंत जाऊन आले, तर ते सगळं आपल्या पोरांना येऊन सांगा. आम्ही चौघे आहोत. वेगवेगळ्या वर्षी वेगवेगळ्या कॉलेजांत शिकलो, पण वस्ती हीच आणि विहारही हाच. बोलणारा एक असला तरी सांगणं चौघांचं आहे, म्हणून 'आम्ही' म्हणतो. भाषणाची आम्हाला सवय नाही. कवायतीच्या मैदानावर जे शिकलो तेच साध्या शब्दांत सांगणार आहोत.

आपल्या वस्तीत भरतीचा हंगाम आला की पहाटे पाच वाजता मैदानावर पोरं धावताना दिसतात. कौतुकाची गोष्ट आहे. पण त्यांना विचारा, 'कशासाठी धावतोस रे?' उत्तर ठरलेलं : पोलीस शिपाई, सैन्यात जवान, नाही तर एस.आर.पी. यातलं कुठलंही काम कमी नाही, घामाची भाकर आहे. मात्र यातली निम्मी पोरं बी.ए., बी.कॉम.ला असतात. 'मी लेफ्टनंट होण्यासाठी धावतोय' असं म्हणणारा एकही पोरगा आम्हाला आजवर भेटला नाही. अंगात कमी आहे म्हणून नाही. वाट कुठून जाते हे घरात कुणाला ठाऊक नाही, शेजारी कुणाला ठाऊक नाही, म्हणून. आजचं आमचं बोलणं या एका गोष्टीसाठी आहे.

आधी थोडा इतिहास सांगतो, कारण तो माहीत असला पाहिजे.

कॉलेजातल्या विद्यार्थ्यांना लष्करी शिक्षण देण्याची सुरुवात आपल्या देशात १९१७ साली झाली. पहिलं महायुद्ध चालू होतं, इंग्रजांना माणसं कमी पडत होती, म्हणून युनिव्हर्सिटी कोअर नावाची तुकडी निघाली. १९२० च्या कायद्याने तिचं युनिव्हर्सिटी ट्रेनिंग कोअर झालं आणि दुसऱ्या महायुद्धात, १९४२ साली, युनिव्हर्सिटी ऑफिसर्स ट्रेनिंग कोअर. पुढे १९४६ साली पंडित हृदयनाथ कुंझरू यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, तिच्या शिफारशीवरून १९४८ चा कायदा झाला आणि १५ जुलै १९४८ रोजी नॅशनल कॅडेट कोअर, म्हणजे आपली एन.सी.सी., उभी राहिली. १९४९ साली मुलींची शाखा निघाली, १९५० साली हवाई दलाची आणि १९५२ साली नौदलाची. चीनच्या युद्धानंतर, १९६३ साली, कॉलेजच्या धडधाकट मुलांना एन.सी.सी. सक्तीची झाली. ती सक्ती १९६८ साली उठली. त्या वर्षांत कॉलेजात असलेले कुणी आजोबा इथे बसले असतील तर त्यांनी खांद्यावर रायफल घेतलेली आहे. त्यांना जरूर विचारा.

आता हेच १९१७ साल आपल्या बाजूने बघा. याच साली महारांची पलटण, १११ महार, उभी राहिली. युद्ध संपलं, गरज सरली आणि १९२१ साली पलटण मोडली. याच १९१७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर परदेशातून शिकून बडोद्याला महाराजांचे लष्करी सचिव म्हणून रुजू झाले. शिक्षण कोलंबिया विद्यापीठाचं, आणि शहरात राहायला खोली मिळेना. कचेरीतले शिपाई फायली लांबून टाकत. थोड्याच दिवसांत त्यांना बडोदा सोडावं लागलं. म्हणजे बघा, ज्या वर्षी कॉलेजातल्या मुलाला अधिकारी होण्याचं शिक्षण देण्याचा विचार सुरू झाला, त्याच वर्षी आपला माणूस शिपाई म्हणून चालत होता आणि अधिकारी म्हणून चालत नव्हता.

बाबासाहेबांचे वडील रामजी हे सैन्यात सुभेदार होते, लष्करी शाळेचे मुख्याध्यापक होते. बाबासाहेबांचा जन्म १८९१ सालचा, महूच्या छावणीतला. त्यानंतर थोड्याच वर्षांत महारांची भरती बंद झाली. त्याविरुद्ध गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ साली अर्ज केला. बंद झालेलं दार पक्कं उघडायला १९४१ साल उजाडलं. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली, आणि त्यामागे बाबासाहेबांची खटपट होती. याच रेजिमेंटमधले अधिकारी जनरल कृष्णराव आणि जनरल सुंदरजी पुढे देशाचे सेनाप्रमुख झाले. याच रेजिमेंटचे मेजर रामस्वामी परमेश्वरन यांना श्रीलंकेतल्या १९८७ च्या लढाईबद्दल मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. आज त्या रेजिमेंटमध्ये सर्व जातीधर्मांचे जवान आहेत आणि ते योग्यच आहे. आमचा मुद्दा वेगळा आहे. शिपायाचं दार आपल्या आजोबा-पणजोबांनी झगडून उघडलं. अधिकाऱ्याचं दार कॉलेजातून उघडतं, आणि आपली पोरं तर आता कॉलेजात आहेत.

तर कॉलेजात नेमकं काय होतं ते सांगतो.

जून-जुलैत प्रवेश झाला की नोटीस बोर्डावर एन.सी.सी.ची नोटीस लागते. बरीच पोरं ती वाचतच नाहीत. ठरलेल्या दिवशी मैदानावर बोलावतात, उंची बघतात, पळवतात, दोन-चार प्रश्न विचारतात. जागा मोजक्या असतात, त्यामुळे निवड होते. कॉलेजातलेच एक प्राध्यापक एन.सी.सी.चे अधिकारी असतात. त्यांनी त्यासाठी खास प्रशिक्षण घेतलेलं असतं, पुरुष प्राध्यापकांचं नागपूरजवळ कामठीला आणि महिलांचं ग्वाल्हेरला. शिवाय बटालियनकडून सैन्यातले हवालदार, सुभेदार शिकवायला येतात. पोरं त्यांना उस्ताद म्हणतात. उस्तादांची बोली कुठलीही असो, हुकूम हिंदीत : सावधान, विश्राम, दाहिने मुड, तेज चल, थम. पहिल्या महिन्यात हमखास एखादा 'बाएँ मुड'ला उजवीकडे वळतो आणि शेजाऱ्याच्या नाकासमोर नाक येतं. हसायचं नाही, हसलात तर सगळ्यांना मैदानाची फेरी.

वर्दी मिळते तो दिवस कुणी विसरत नाही. खाकी शर्ट-पँट, पट्टा, काळे बूट, बॅरेट टोपी आणि तिच्यावर लाल तुरा. वर्दी अंगाच्या मापाची कधीच नसते, ती नाक्यावरच्या शिंप्याकडून बसवून घ्यावी लागते. शनिवारी रात्री पितळी बक्कल ब्रासोने घासायचं, बुटाला पॉलिश लावून फडक्याने तोंड दिसेपर्यंत चोळायचं. वर्दीला कांजी घालून कडक इस्त्री करायची. ज्या घरात एकच खोली आणि सहा माणसं, तिथे ही इस्त्रीची वर्दी टांगायची कुठे, हा खरा प्रश्न असतो. आमच्यातल्या एकाच्या आईने ती भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या फोटोशेजारच्या खिळ्याला अडकवली. तीन वर्षं ती जागा वर्दीची होती.

परेड संपली की रिफ्रेशमेंट मिळतं. कुठे सामोसा आणि केळं, कुठे वडापाव. कॉलेजातली इतर पोरं चिडवतात, 'सामोशासाठी उन्हात उभे राहता.' चिडवू द्या. सकाळी उपाशीपोटी घरून निघालेल्या पोराला त्या सामोशाची किंमत ठाऊक असते, त्यात लाज कसली?

कवायतीने काय होतं, असं पुष्कळजण विचारतात. ताठ चालायला शिकवणं हे वरवरचं झालं. खरी गोष्ट अशी की तीस जण एका हुकुमावर एकच पाय उचलतात तेव्हा स्वतःकडे आणि शेजाऱ्याकडे एकाच वेळी लक्ष ठेवावं लागतं. दुसऱ्या वर्षी तुम्हालाच पुढे काढून सांगतात, 'चल, स्क्वॉड संभाल.' तेव्हा कळतं, हुकूम मानणं सोपं आणि देणं अवघड. आवाज पोटातून काढावा लागतो, तो घोटाळला की तीस जण घोटाळतात. आपल्यातल्या कितीतरी पोरांना वर्गात उभं राहून प्रश्न विचारायची भीती वाटते. ती या मैदानावर मोडते. हे आम्ही अनुभवाने सांगतो.

मग नकाशा वाचन. हा विषय पोरांना कंटाळवाणा वाटतो, पण सगळ्यात मोलाचा हाच. पन्नास हजारास एक या प्रमाणाचा नकाशा असतो, त्यावर दोन सेंटिमीटर म्हणजे जमिनीवर एक किलोमीटर. त्यावरच्या तपकिरी रेषा म्हणजे समोच्च रेषा. जवळ जवळ आल्या की चढ खडा, लांब लांब गेल्या की उतार मंद. होकायंत्राने दिशेचा कोन घ्यायचा. उलट दिशा हवी असेल तर कोन १८० हून कमी असताना १८० मिळवायचे, जास्त असताना वजा करायचे. एवढ्या विद्येवर माणूस अनोळखी रानात रात्री वाट काढतो. ज्याला आपण कुठे उभे आहोत आणि कुठे जायचंय हे कागदावर दाखवता येतं, त्याला कुणी सहज फसवू शकत नाही. सात-बाराच्या नकाशापुढेही हीच विद्या कामाला येते.

फायरिंगचा दिवस वर्षातून एखाद-दोन वेळाच येतो. पॉइंट टू-टूची रायफल आणि मोजक्या गोळ्या. पोटावर झोपायचं, रायफल खांद्याच्या खोबणीत घट्ट बसवायची, नेम धरायचा, अर्धा श्वास सोडून रोखायचा आणि घोडा झटका न देता हळू दाबायचा. सगळ्या गोळ्या एकमेकींच्या जवळ लागल्या की त्याला ग्रुपिंग म्हणतात. उस्ताद सांगत, 'गोळी मध्ये लागली नाही तरी चालेल, पण सगळ्या एका जागी लागू देत.' म्हणजे चूक असली तरी ती एकसारखी असावी, मग सुधारता येते. हाताला शिस्त नसेल तर सुधारायचं काय?

आता कॅम्प. वर्षाचा कॅम्प साधारण दहा दिवसांचा. तंबू, बिगूल, पहाटेची पी.टी., हातात ताट-मग घेऊन लंगरची रांग, रात्रीची पाळीची गस्त. दहा दिवसांत घराची आठवण येते, पायाला फोड येतात आणि सातव्या-आठव्या दिवशी निघावंसं वाटत नाही. एका तंबूत निरनिराळ्या कॉलेजांची पोरं असतात, आणि इथेच एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. छातीवर नावाची पट्टी असते. पहिल्याच संध्याकाळी कुणीतरी विचारतो, 'हे आडनाव म्हणजे नेमके कोण तुम्ही?' आमच्यातल्या एकाने सांगितलं, 'बौद्ध.' विचारणाऱ्याने त्या रात्री आपली वळकटी तंबूच्या दुसऱ्या टोकाला नेली. कुणी काही बोललं नाही. चौथ्या दिवशी लांबचा रूट मार्च होता. त्या पोराची पाण्याची बाटली अर्ध्या वाटेतच संपली. सेक्शन एक, चालायचं एकत्र. त्याने हात पुढे केला, आमच्या मित्राने बाटली दिली आणि तो तोंड लावून प्यायला. वळकटी मात्र शेवटपर्यंत त्याच टोकाला राहिली. घडलं ते असं आहे. एन.सी.सी.त गेलं की जात संपते, असं आम्ही सांगणार नाही. पण तिथे ताट एका रांगेत, हुकूम सगळ्यांना एक आणि गुण कामावर. एवढी समान जमीन आपल्याला दुसरीकडे सहसा मिळत नाही. ती सोडू नका.

मुलींबद्दल दोन शब्द. पालकांना एक सांगणं आहे. मुलीने पँट-शर्टची वर्दी घालणं, पहाटे परेडला जाणं, दहा दिवस कॅम्पला राहणं याला आपल्या घरांतून अजून नकार येतो. मुलींच्या कॅम्पमध्ये महिला अधिकारी असतात, राहण्याची सोय वेगळी असते. आमच्यातली जी भगिनी आहे तिला पहिल्या वर्षी आजीनेच पाठिंबा दिला. 'दीक्षाभूमीला आपण रात्रभर उघड्यावर राहिलो तेव्हा कुणी काय म्हटलं नाही, मग पोरीला तंबूत काय होतंय?' एवढं आजी बोलली आणि विषय संपला. सैन्यात इतर शाखांमध्ये महिला अधिकारी घेण्यास १९९२ साली सुरुवात झाली. २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या कायम कमिशनचा हक्क मान्य केला. २०२२ पासून एन.डी.ए.त मुली शिकू लागल्या. दारं उघडत आहेत, आपण उंबऱ्यात थांबायचं का?

आता मुख्य गोष्ट, सर्टिफिकेट.

कॉलेजात दोन वर्षं झाली की 'बी' आणि तीन वर्षं झाली की 'सी' सर्टिफिकेटची परीक्षा असते. परेडची हजेरी ७५ टक्के हवी आणि ठरलेले कॅम्प झालेले हवेत. परीक्षा लेखी आणि प्रात्यक्षिक. श्रेणी ए, बी, सी. बहुतेक पोरांना एवढंच ठाऊक असतं की याचे भरतीत जादा गुण मिळतात. ते खरंच आहे. पण 'सी' सर्टिफिकेटचा सगळ्यात मोठा उपयोग वेगळाच आहे. निदान 'बी' श्रेणीचं 'सी' सर्टिफिकेट आणि पदवीला ५० टक्के गुण असतील, तर एन.सी.सी. स्पेशल एन्ट्री या योजनेतून लेखी परीक्षेशिवाय सैन्य अधिकाऱ्यांच्या निवड मंडळापुढे, म्हणजे एस.एस.बी.पुढे, जाण्यासाठी अर्ज करता येतो. अर्जांतून गुणांप्रमाणे नावं निवडतात. वय १९ ते २५ आणि अविवाहित ही अट. जागा थोड्या असतात, मुलांना आणि मुलींनाही. वर्षातून दोनदा जाहिरात येते. निवड झाली की ऑफिसर्स ट्रेनिंग अकादमीत ४९ आठवड्यांचं प्रशिक्षण. ही संस्था चेन्नईची, १९६३ सालची. बाहेर पडताना खांद्यावर लेफ्टनंटचे दोन स्टार. सातव्या वेतन आयोगाप्रमाणे मूळ पगार ५६,१०० रुपयांपासून सुरू होतो. नोकरी प्रथम दहा वर्षांची, पुढे चार वर्षांनी वाढू शकते आणि पात्र ठरल्यास कायमही होऊ शकते. अटी बदलत असतात, म्हणून त्या त्या वेळची जाहिरात नीट वाचा.

आमच्याच गल्लीतला एक पोरगा. नाव घेत नाही. तीन वर्षं एन.सी.सी., 'सी' सर्टिफिकेट, तेही 'ए' श्रेणीत. पदवीला ५८ टक्के. ते सर्टिफिकेट त्याच्या आईच्या लोखंडी पेटीत रेशनकार्डाच्या खाली चार वर्षं घडी करून ठेवलेलं. पोरगा पोलीस भरतीला तीनदा गेला, थोड्याथोडक्या गुणांनी राहिला. त्याला ही योजना कळली तेव्हा त्याने पंचविशी ओलांडली होती. आज तो एका गोदामात रात्रपाळीचा सुपरवायझर आहे, घर चालवतो, चांगला माणूस आहे. बोर्डात तो पास झालाच असता, असं आम्ही म्हणत नाही. पण बोर्डापुढे उभं राहण्याचा त्याचा हक्क होता, आणि तो कुणी हिरावून घेतला नाही. नुसता पेटीत राहिला. त्या पोराने स्वतःच आम्हाला सांगितलं, 'विहारात बोलाल तेव्हा माझी गोष्ट सांगा.'

एस.एस.बी. म्हणजे काय, तेही ऐका. साधारण पाच दिवसांची परीक्षा. भोपाळ, अलाहाबाद म्हणजे आताचं प्रयागराज, बंगळूर अशा ठिकाणी मंडळं आहेत. राहणं-जेवण त्यांचं, आणि पहिल्यांदा जाणाऱ्याला रेल्वेभाडंही मिळतं, म्हणजे पैशापायी अडण्याचं कारण नाही. पहिल्या दिवशी चाळणी होते, बुद्धिमापनाचे प्रश्न आणि एक चित्र दाखवून त्यावर गोष्ट. पुष्कळजण त्याच दिवशी परत येतात. पुढे मानसशास्त्रीय चाचण्या. एकेक शब्द दाखवतात, पंधरा सेकंदांत वाक्य लिहायचं, असे साठ शब्द. साठ प्रसंग, वेळ तीस मिनिटं, तुम्ही काय कराल ते लिहा. बारा चित्रांवर बारा गोष्टी, त्यातलं शेवटचं चित्र कोरं. मग मैदानावर गटाची कामं : फळ्या, दोर आणि पिंप घेऊन अडथळा पार करायचा. एकट्याने तीन मिनिटांत दहा अडथळे. त्यानंतर मुलाखत आणि शेवटी सगळ्या परीक्षकांपुढे उभं राहणं.

यात ते बघतात काय? पाठांतर नव्हे. अधिकाऱ्याला लागणारे पंधरा गुण त्यांनी ठरवलेले आहेत. जबाबदारी घेणं, युक्तीने मार्ग काढणं, सगळ्यांना सोबत घेणं, धीर, असे. आमच्यातले दोघे बोर्डाला जाऊन आले, त्यांपैकी एकाची निवड झाली नाही, एकाची झाली पण वैद्यकीय तपासणीत तो राहिला. दोघांचंही म्हणणं एकच आहे : आपली पोरं तिथे मागे पडतात ती गुणांत नव्हे, सांगण्यात. मुलाखतीत विचारतात, 'तुम्ही कधी काही जबाबदारी घेतली आहे का?' पोरगा म्हणतो, 'नाही सर.' अरे, तू चौदा एप्रिलला काय केलंस? घरोघरी वर्गणी गोळा केली, पावतीपुस्तकाचा हिशेब ठेवला, पोलीस ठाण्यात जाऊन मिरवणुकीची परवानगी काढली, दोन गल्ल्यांत मार्गावरून भांडण झालं ते मिटवलं, रात्री बाराला जनरेटर बंद पडला तेव्हा मेकॅनिक शोधून आणलास. सहा डिसेंबरला चैत्यभूमीवर स्वयंसेवक म्हणून लाखोंच्या रांगेत दिवसभर उभा राहिलास. हे नेतृत्व नाही तर काय? क्रिकेट टीमचा कॅप्टन असणं त्यांना सांगता येतं आणि जयंतीची वर्गणी सांगायला आपल्याला लाज वाटते. ती टाका. खरं तेच सांगा, नेमकं सांगा, आकड्यांसह सांगा.

इंग्रजीची भीती मोठी आहे. साध्या, तुटक पण स्पष्ट इंग्रजीत बोललेलं चालतं, आणि ती रोज बोलल्यानेच येते. रोज अर्धा तास चौघांनी एकत्र बसून इंग्रजी वर्तमानपत्र मोठ्याने वाचा आणि त्यावर बोला. एकमेकांना हसू नका, एवढाच नियम. आणखी एक : नाशिक रोडला राज्य शासनाचं छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्र आहे. तिथे एस.एस.बी.ची तयारी मोफत करून घेतात, राहणं-जेवणही मोफत. चौकशी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात करावी. खाजगी क्लासवाल्यांच्या हजारो रुपयांच्या फीची चौकशी करण्याआधी तिथे एक चक्कर मारा.

एक प्रश्न इथे जरूर येईल, आणि तो मागच्या महिन्यात एका ज्येष्ठ उपासकांनी आम्हाला विचारलाही : 'विहारात बंदुकीच्या गोष्टी कशाला?' प्रश्न रास्त आहे. आम्ही काही धम्माचे अभ्यासक नव्हे, भन्तेजी इथे आहेत, ते अधिक सांगतील. आम्हाला एवढं ठाऊक आहे की राजा बिंबिसाराच्या विनंतीवरून राजसेवेतल्या सैनिकांना भिक्खू करून घेऊ नये असा नियम भगवंतांनी केला, म्हणजे सैनिकाचं कर्तव्य आणि भिक्खूचा मार्ग त्यांनी वेगळा मानला. सिंह सेनापती उपासक झाला आणि सेनापतीही राहिला. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत फरक केला आहे. वर्दीतल्या माणसाने तो फरक मनात कायम जागता ठेवावा. आणि ज्याला शस्त्र धरायचंच नाही, त्याने एन.सी.सी.तून प्रथमोपचार, शिस्त आणि नकाशा घेऊन बाहेर पडावं. पूर आला, आग लागली, तेव्हा वस्तीला तोच उपयोगी पडतो.

शेवटी समितीला आणि पालकांना चार विनंत्या. पहिली, विहाराच्या फलकावर जून महिन्यात एन.सी.सी. प्रवेशाची आणि वर्षातून दोनदा स्पेशल एन्ट्रीची सूचना लागावी. लावण्याचं काम आम्ही चौघे घेतो. दुसरी, वाचनालयाचं एक टेबल आणि एक दिवा पहाटे पाचपासून खुला असावा. ज्याच्या घरी जागा नाही त्याची वर्दीही तिथे टांगता येईल. तिसरी, बूट आणि कॅम्पच्या सामानासाठी दरवर्षी दोन-तीन पोरांना मदत व्हावी. आमच्याकडचे जुने बूट, पट्टे, होकायंत्र आम्ही आजच जमा करत आहोत. आणि चौथी विनंती आयांना. पेटी उघडा, पोरांची सर्टिफिकेटं बाहेर काढा, त्यावरची तारीख आणि श्रेणी आम्हाला येऊन दाखवा. ज्याचं वय अजून पंचवीस झालेलं नाही, त्याचा अर्ज भरायला आम्ही दर रविवारी वंदनेनंतर इथेच बसणार आहोत.

मित्रांनो, उद्या पहाटे धावायला जाल तेव्हा जरूर धावा. परतताना मात्र कॉलेजच्या नोटीस बोर्डासमोर पाच मिनिटं थांबा. एवढं बोलून आम्ही आमचे चार शब्द संपवतो.

जय भीम! नमो बुद्धाय!